ठासणीच्या बंदुकीचं मागचं बूच: आट्यांना ग्रीस लावायचं की टेप गुंडाळून सील करायचं?

नळ गळायला लागला की प्लंबर आट्यांवर पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे चार वेढे देतो, नळ फिरवून घट्ट बसवतो आणि गळती थांबते. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीनं शिकार करणारे अनेक जण हीच टेप बंदुकीच्या मागच्या बुचाला गुंडाळतात. दुसऱ्या गटाचं म्हणणं असतं की टेपबिप काही नको, चांगलं ग्रीस लावा. तिसरा गट म्हणतो की आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवले की झालं.

वाद किरकोळ वाटतो. पण हे बूच गोळी उडवणाऱ्याच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर असतं आणि त्याच्या पुढच्या बाजूला दारूचा स्फोट होत असतो. त्यामुळे आट्यांचं काम नेमकं काय आणि त्यांना काय लावल्यानं काय होतं, हे समजून घ्यायला हवं.

थोडक्यात उत्तर

- बूच काढता येत असेल तर आट्यांना ग्रीस लावायचं. त्यातही ‘अँटी-सीझ’ प्रकारचं, आणि पातळ थरात.
- हे ग्रीस गॅस अडवण्यासाठी नसतं. पुढच्या वेळी बूच सहज निघावं यासाठी असतं.
- टेफ्लॉन टेप काही जण वापरतात. पण ती वंगण म्हणून, गळतीवरचा इलाज म्हणून नाही.
- आट्यांतून गॅस येत असेल तर टेप किंवा ग्रीस वाढवायचं नाही. बंदूक बाजूला ठेवून कारण शोधायचं.
- जुन्या घाटाच्या बंदुकीचं बूच घरी काढायचंच नाही.

ठासणीची बंदूक म्हणजे काय आणि बूच कुठे असतं?

काडतुसाच्या बंदुकीत दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी हे सगळं एकाच काडतुसात असतं आणि ते मागून भरलं जातं. ठासणीच्या बंदुकीत आधी तोंडातून दारू ओतायची, मग गोळी किंवा छर्रे टाकायचे आणि गजानं ठासायचे. म्हणून नाव ठासणीची बंदूक.

तोंडाकडून भरायची म्हणजे नळीचं मागचं टोक बंद हवं. ते बंद करणारा आट्यांचा जाड तुकडा म्हणजे ब्रीच प्लग, साध्या भाषेत मागचं बूच.

हे बूच बनवणं पूर्वीही सोपं नव्हतं. १५४३ मध्ये पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर पहिल्या बंदुका पोहोचल्या. तिथल्या लोहारानं नळीची नक्कल केली, पण मागच्या बुचाचे आटे कसे पाडायचे हे त्याला उमगेना. पुढे आलेल्या एका परदेशी कारागिराकडून तो ते शिकला, असं जपानमध्ये सांगितलं जातं. नळी ठोकून बनवण्यापेक्षा तिचं मागचं टोक भक्कम बंद करणं अवघड होतं.

बूच काढता येणं कधीपासून सुरू झालं?

चकमकीच्या आणि टोपीच्या जुन्या बंदुकांमध्ये बूच एकदा बसवलं की बसवलं. बंदूकवाल्याशिवाय त्याला कोणी हात लावत नसे. नळी तोंडाकडूनच धुतली जायची.

१९८५ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या टोनी नाइट यांनी ‘एमके-८५’ नावाची ठासणीची रायफल बाजारात आणली. तिच्यात ठिणगी देणारा भाग नळीच्या बाजूला नव्हता. तो थेट मागे, नळीच्या रेषेत होता. म्हणून या प्रकाराला ‘इनलाइन’ म्हणतात. तिचं बूच पान्यानं काढता येत होतं, त्यामुळे नळी आरपार साफ करता यायची. आजच्या बहुतेक इनलाइन रायफलींत हीच सोय असते. काही मॉडेलमध्ये तर बूच नुसत्या बोटांनी फिरवून निघतं.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीसाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो, त्यामुळे तिथे या बंदुकांना मोठी मागणी आहे. बूच निघायला लागलं तसा प्रश्नही आला: ते परत बसवताना आट्यांना काय लावायचं?

गॅस नेमका कुठे अडतो?

नळजोडणीत बऱ्याच ठिकाणी निमुळते आटे असतात. १६ इंच लांबीमागे १ इंच या प्रमाणात त्यांचा व्यास कमी होत जातो. फिरवत गेलं की ते एकमेकांत पाचरीसारखे रुततात. तरी राहिलेल्या फटी टेप भरून काढते आणि पाणी थांबतं. म्हणजे तिथे आटेच सीलचं काम करतात.

बंदुकीच्या बुचाचे आटे बहुधा सरळ असतात, शेवटपर्यंत एकाच व्यासाचे. सरळ आटे एकमेकांत फिरायचे तर त्यांच्यात थोडी मोकळीक ठेवावीच लागते. ही मोकळीक आट्यांबरोबर गोल फिरत मागपर्यंत जाते. गॅसला तिथपर्यंत पोहोचू दिलं तर त्याला मागे यायला वाट मिळते.

म्हणून गॅस त्याआधीच अडवला जातो. बुचाची पुढची कड नळीच्या आतल्या खांद्यावर किंवा उतरत्या कडेवर घट्ट टेकते. धातूवर धातू दाबला जातो आणि तिथेच गॅस थांबतो. काही मॉडेलमध्ये यासाठी वेगळी रिंगही असते. आट्यांचं काम बूच जागेवर धरून ठेवण्याचं आहे.

ते काम किती मोठं आहे? घरच्या गाडीच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला साधारण ३० ते ३५ पौंड दाब असतो. ठासणीच्या रायफलीत, दारू किती आणि कोणती यानुसार, हा दाब १० हजारांपासून २५ हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो. ५० कॅलिबरची नळी म्हणजे आतून अर्ध्या इंचाची. दाब २० हजार पौंड धरला तर एवढ्याशा बुचावर क्षणभर जवळपास १,७८० किलोंचा जोर येतो. म्हणजे पावणेदोन टनांहून जास्त. हा जोर पोलादाचे आटे पेलतात. टेपच्या एका थरानं किंवा ग्रीसच्या लेपानं त्यात काही फरक पडत नाही.

मग ग्रीस कशासाठी लावायचं?

बूच अडकू नये म्हणून. ते अडकण्याची कारणं तीन.

पहिलं कारण काजळी. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळली की अर्ध्याहून जास्त वजन घन रूपात मागे राहतं. या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. काळ्या दारूला पर्याय म्हणून आलेल्या काही प्रकारांत पोटॅशियम परक्लोरेट असतं. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. ओलाव्याबरोबर ते पोलादाला खड्डे पाडतं.

दुसरं कारण गंज. लोखंड गंजलं की फुगतं, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आट्यांतली बारीक मोकळीक गंजानं भरली की बूच हलत नाही.

तिसरं कारण धातूला धातू चिकटणं. याला इंग्रजीत गॉलिंग म्हणतात. स्टेनलेस स्टीलमध्ये हे जास्त होतं. त्याच्या पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर असतो. कोरडे आटे जोरात घासले की तो फाटतो आणि दोन्हीकडचा उघडा धातू एकमेकांना पकडतो. मग जोर लावाल तितकं बूच जास्त रुततं, आणि शेवटी आटेच सोलवटून निघतात. ‘स्टेनलेस आहे, गंजत नाही, मग वंगण कशाला?’ हा समज इथेच महागात पडतो.

ग्रीस या तिन्हींवर काम करतं. ते मोकळीक भरून टाकतं, त्यामुळे काजळी आणि ओलावा आत शिरायला जागा कमी राहते, आणि दोन धातूंमध्ये थर तयार होतो.

कोणतं ग्रीस?

साधं मशीन ऑइल पातळ असतं. ते उष्णतेनं उडून जातं किंवा वाहून जातं. शिवाय काळ्या दारूच्या काजळीत खनिज तेल मिसळलं की डांबरासारखं चिकट किटण तयार होतं. म्हणून नुसतं तेल आट्यांसाठी पुरेसं नाही.

इथे उपयोगी पडतं ते अँटी-सीझ. या ग्रीसमध्ये तांबं, निकेल, ग्राफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांची बारीक पूड असते. उष्णतेनं तेल उडालं तरी ही पूड दोन धातूंच्या मध्ये टिकून राहते. तांब्याची पूड असलेली उत्पादनं साधारण ९८० अंश सेल्सिअसपर्यंत चालतात. निकेलची त्याहून जास्त तापमान सोसतात. ‘ब्रीच प्लग ग्रीस’ नावानं ठासणीच्या बंदुकांसाठी वेगळ्या ट्यूबही मिळतात. कंपनीच्या पुस्तिकेत एखादा प्रकार सांगितला असेल तर तोच वापरावा.

किती लावायचं, हे तितकंच महत्त्वाचं. आट्यांच्या खाचा जेमतेम भरतील इतकंच. जास्त लावलं तर बूच फिरवताना ते पुढे ढकललं जातं आणि दारूच्या जागेत जातं. दारूला वंगण लागलं किंवा ठिणगी जाण्याच्या भोकात ते साचलं तर बार उडत नाही, किंवा उशिरा उडतो. बुचाच्या पुढच्या टेकणाऱ्या कडेलाही ग्रीस लावायचं नाही.

आणखी एक गोष्ट. वंगण लावलेले आटे कमी जोरात जास्त घट्ट बसतात. त्यामुळे कोरड्या आट्यांना लावत होतो तेवढाच जोर लावायची गरज नाही. हातानं टेकेपर्यंत फिरवायचं आणि मग पान्यानं हलकंसं आवळायचं. पान्याला पाइप जोडून ताकद वाढवायची नाही.

टेफ्लॉन टेप चालते का?

टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. १९३८ मध्ये ड्युपॉन्ट कंपनीत रॉय प्लंकेट यांना ते योगायोगानं सापडलं. ते फार गुळगुळीत असतं, पाणी शोषत नाही आणि बहुतेक रसायनांना दाद देत नाही. म्हणून आट्यांवर ते वंगणाचं काम करतं आणि काजळीलाही अडवतं. टेप वापरणाऱ्यांचा अनुभव असा की बूच काढताना आटे जवळपास स्वच्छ मिळतात.

पण तिच्या मर्यादा आहेत. पीटीएफई सतत वापरासाठी सुमारे २६० अंशांपर्यंतच योग्य धरलं जातं आणि ३२७ अंशांच्या आसपास वितळतं. जळत्या दारूचा गॅस याहून खूपच गरम असतो. पुढची कड नीट टेकलेली असेल तर हा गॅस टेपपर्यंत पोहोचत नाही आणि ती टिकते. टेकलेली नसेल तर टेप जळते.

दुसरा धोका जाडीचा. तीन-चार वेढे दिले तर बूच मध्येच घट्ट वाटायला लागतं आणि ‘बसलं’ असं समजून माणूस थांबतो. प्रत्यक्षात पुढची कड खांद्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. गळती थांबवायला गुंडाळलेली टेपच मग गळतीचं कारण ठरते.

टेप वापरायचीच असेल तर एकच पातळ वेढा, बूच आवळण्याच्या दिशेनं. पुढचे एक-दोन आटे मोकळे सोडायचे, म्हणजे तुकडे दारूच्या जागेत पडत नाहीत. दर वेळी जुनी टेप पूर्ण काढायची. आणि कंपनीची पुस्तिका नको म्हणत असेल तर नको.

काय अजिबात लावायचं नाही?

थ्रेडलॉकर, म्हणजे नट सैल होऊ नये म्हणून लावतात तो गोंद. त्याचा कडक प्रकार सुटायला धातू तापवावा लागतो. एम-सीलसारखी इपॉक्सी, पाइपला लावायचा सफेदा, डिंक, रंग, यांपैकी काहीच नाही. हे सगळे पदार्थ जोड कायमचा धरून ठेवण्यासाठी असतात. इथे नेमकं उलटं हवं आहे. आणि गळणाऱ्या बुचावर असा लेप दिला तर गळती थांबत नाही, फक्त काही दिवस झाकली जाते.

गॅस गळतोय हे कसं ओळखायचं?

बूच काढल्यावर आटे पाहा. मागच्या एक-दोन आट्यांवर काजळी असेल तर ती बहुधा ठिणगीच्या टोपीकडून आलेली असते. पण काजळी पुढच्या आट्यांपासून सुरू होऊन मागपर्यंत गेली असेल, टेप पुढून काळी पडली किंवा वितळली असेल, कडेवर जळाल्याची रेघ दिसत असेल, तर गॅस पुढून येतो आहे. बूच पूर्ण बसलेलं नाही, कडेवर घाण आहे, कड झिजली आहे किंवा आटे खराब आहेत, यांपैकी एक कारण असतं. स्वच्छ करून नीट बसवल्यावरही तेच दिसलं तर बंदूक वापरणं थांबवून जाणकार बंदूकवाल्याला दाखवायला हवी. उच्च दाबाचा गॅस एकदा वाट काढू लागला की तो धातूही कापत जातो.

बूच काढायचा आणि बसवायचा क्रम

१. बंदूक रिकामी आहे ना, हे आधी पाहायचं. टोपी काढायची. गज नळीत टाकून आत किती जातो ते तपासायचं. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो याची खूण अनेक जण गजावरच करून ठेवतात. खूण बाहेर राहिली तर आत भरण आहे.

२. बूच योग्य पान्यानं काढायचं.

३. काळी दारू आणि तिचे बहुतेक पर्याय यांची काजळी गरम पाणी आणि साबणानं निघते. ब्लॅकहॉर्न २०९ सारख्या नायट्रोसेल्युलोजच्या दारूला मात्र सॉल्व्हंट लागतं.

४. बुचाचे आटे ब्रशनं घासायचे. नळीच्या आतले आटेही घासायचे. हे दुसरं काम बरेच जण विसरतात.

५. ठिणगीचं भोक मोकळं करायचं, सगळं पूर्ण कोरडं करायचं.

६. आट्यांना पातळ ग्रीस लावायचं. बूच सुरुवातीला बोटांनीच फिरवायचं. अडलं तर मागे घेऊन पुन्हा सुरू करायचं. वाकडे आटे पान्याच्या जोरावर सरळ होत नाहीत.

७. बाहेर आलेलं ग्रीस पुसायचं. पुढच्या वेळी दारू भरण्याआधी, सुरक्षित दिशेला, नुसत्या टोप्या वाजवून भोक कोरडं करून घ्यायचं.

बार ओढूनही उडाला नाही तर नळीचं तोंड किमान एक मिनिट सुरक्षित दिशेलाच ठेवायचं. लगेच बूच उघडून पाहायचं नाही.

बूच अडकलंच तर?

आधी पुन्हा एकदा बंदूक रिकामी असल्याची खात्री. मग गंज सोडवणारं पातळ तेल दोन्ही बाजूंनी सोडून रात्रभर, गरज पडली तर दोन-तीन दिवस ठेवायचं. नंतर बरोबर मापाचा पाना आणि नळी हलणार नाही अशी पकड. हातोड्याचे घाव नकोत. आत भरण असण्याची जरासुद्धा शंका असेल तर उष्णता देण्याचा विचारही करायचा नाही. दारू तापल्यावर पेटते, चापाची वाट पाहत नाही. अशी बंदूक थेट जाणकाराकडे न्यायची.

जुन्या घाटाच्या बंदुकांचं काय?

चकमकीच्या बंदुकीत नळीच्या बाजूला ठिणगीसाठी एक बारीक भोक असतं. ते बुचाच्या पुढच्या टोकाशी जुळवलेलं असतं. बूच किती फिरवून थांबवायचं हे ठरलेलं असतं आणि बऱ्याचदा नळी व बूच यांवर जुळणीची रेघही कोरलेली असते. बूच काढून परत बसवताना रेघ चुकली तर भोकही चुकतं. वारंवार काढल्यानं घट्ट बसलेले आटे सैल होतात ते वेगळंच.

म्हणून या बंदुकांत बुचाला हात न लावता नळी तोंडाकडून धुतात. टोपीच्या बंदुकीत निपल काढून तिच्या आट्यांना मात्र अँटी-सीझचा एक थेंब लावतात.

कोकणातल्या बंदुकांना हे लागू होतं का?

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत शेतीसंरक्षणासाठी परवाना घेतलेल्या ठासणीच्या बंदुका आजही घरोघर आढळतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. या बंदुका बहुतांशी जुन्या घाटाच्या, म्हणजे न निघणाऱ्या बुचाच्या आहेत. त्यामुळे ग्रीस की टेप हा प्रश्न त्यांच्या मालकांसमोर येतच नाही. काजळी आणि ओलाव्याचा प्रश्न मात्र इथे जास्त आहे. पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत न धुतलेली नळी लवकर गंजते, आणि बुचाजवळचा गंज बाहेरून दिसत नाही.

बुचाच्या कडेनं धूर येणं, काळे ओघळ दिसणं किंवा बूच हलणं ही लक्षणं दिसली तर घरी किंवा गावातल्या वेल्डरकडे दुरुस्ती करायची नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं नळीचं पोलाद बिघडू शकतं. शिवाय बंदूक दुरुस्त करायलाही कायद्यानं परवाना लागतो. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा कारागिराकडे ती नेणं हाच मार्ग आहे. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे शेतीसंरक्षणाचा परवाना हा रानडुक्कर मारण्याचा परवाना नाही. त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.